आठ गुण आणि एक काळा दगड

१९८५ साली ॲपल टू संगणकावर आलेल्या ‘अल्टिमा ४: क्वेस्ट ऑफ द अवतार’ या खेळाच्या शेवटी राक्षस नाही. मारायला कोणी खलनायक नाही, सोडवायला राजकन्या नाही. पाताळाचे आठ मजले उतरल्यावर खाली एक ग्रंथ आहे आणि त्याच्यापर्यंत पोचण्याआधी एक आवाज प्रश्न विचारतो. सगळे गुण तीन तत्त्वांतून जन्मतात आणि शेवटी त्यांच्यातच मिसळतात, हे तू शिकलास. आता जे नाकारता येत नाही असं सत्य, ज्याला शेवट नाही असं प्रेम आणि जे वाकत नाही असं धैर्य, या तिन्हींना पोटात घेणारी एकच गोष्ट कोणती, ते सांग. खाली कर्सर लुकलुकत असतो. पर्याय दिलेले नसतात, शब्द टाइप करायचा असतो.

उत्तर काय, हे आज कोणालाही दोन मिनिटांत कळतं. त्या उत्तराचा अर्थ काय, ते खेळाच्या स्वतःच्या तर्कात बसतं का, आणि मुळात खरं कोडं हेच की याच्या आधीचं दुसरंच काही, यावर मात्र मतं वेगवेगळी निघतात. त्या मतांचा हा आढावा. उत्तर पुढे येणारच आहे. ते आधी कळल्याने फारसं काही बिघडत नाही, त्याचं कारणही येईल.

थोडी पार्श्वभूमी हवी. या मालिकेचा कर्ता रिचर्ड गॅरियट. जन्म इंग्लंडमधला, वाढला टेक्सासमध्ये. वडील ओवेन गॅरियट नासाचे अंतराळवीर, १९७३ साली स्कायलॅबवर राहून आलेले. पोराने शाळेत असतानाच संगणकावर खेळ लिहायला घेतले आणि १९८१ ते १९८३ या काळात ‘अल्टिमा’चे तीन भाग बाजारात आले. ते चालले. पण त्या तीन भागांत नायक करायचा काय? दुकानातून चोरी, शिपायांना ठार मारणं, दिसेल त्याला लुटणं. एवढं सगळं करून शेवटी खलनायकाला मारलं की जगाचा तारणहार म्हणून मिरवायला मोकळा. तेव्हा अमेरिकेत अशा खेळांविरुद्ध धार्मिक मंडळींनी काहूर माजवलेलं होतं. गॅरियटकडे चाहत्यांच्या पत्रांबरोबर संतापलेल्या पालकांचीही पत्रं येत. त्यातले सैतानाचे आरोप त्याने मनावर घेतले नाहीत, पण आपल्या खेळात चांगलं वागण्याचं काहीच कारण नाही ही गोष्ट त्याला टोचली. चौथा भाग हे त्याचं उत्तर.

त्यासाठी त्याने दोन ठिकाणांहून उसनवारी केली. एक आपल्याकडून: अवतार ही कल्पना त्याने हिंदू परंपरेतून उचलली. अर्थात उचलताना ती उलटी झाली. आपले अवतार वरून खाली येतात. त्याचा अवतार म्हणजे साधा माणूस, जो आचरणाने पायरी पायरीने वर चढतो. दुसरी उसनवारी ‘विझर्ड ऑफ ओझ’मधली. तिथल्या बुजगावण्याला मेंदू हवा असतो, पत्र्याच्या माणसाला हृदय, सिंहाला धाडस. सत्य, प्रेम, धैर्य ही तत्त्वांची त्रयी तिथे जुळते, असं गॅरियटने सांगितलेलं आहे. मेंदू म्हणजे सत्य कसं, असं कोणी विचारलं तर पंचाईत होईल, पण ते सोडून देऊ.

आता मुख्य रचना. तीन तत्त्वं घ्या. प्रत्येक तत्त्व एखाद्या गुणात असेल किंवा नसेल. दोन गुणिले दोन गुणिले दोन, म्हणजे आठ शक्यता. हेच आठ गुण. नुसतं सत्य म्हणजे सचोटी, नुसतं प्रेम म्हणजे करुणा, नुसतं धैर्य म्हणजे शौर्य. सत्य आणि प्रेम मिळून न्याय. प्रेम आणि धैर्य मिळून त्याग. सत्य आणि धैर्य मिळून इमान, दिलेल्या शब्दाला जागणं. तिन्ही मिळून अध्यात्म. आणि तिन्हींपैकी एकही नाही तिथे नम्रता. खेळ याला रंगही देतो. सत्य निळं, प्रेम पिवळं, धैर्य लाल. मग न्याय आपोआप हिरवा, त्याग नारिंगी, इमान जांभळं. अध्यात्म पांढरं आणि नम्रता काळी. चित्रकलेच्या तासाला रंगपेटी वापरलेल्या कोणालाही हे लगेच उमजतं, आणि तसंच ते उमजावं अशी योजना आहे.

पण खेळ ही सारणी हातात ठेवत नाही. ब्रिटानिया नावाच्या त्या देशात गावोगाव हिंडायचं, लोकांशी बोलायचं आणि तुकडे जमवायचे. कोणी तरी खानावळीत सांगतो की न्याय दोन गोष्टींचा बनलेला आहे. दुसऱ्या टोकाच्या गावात दुसऱ्याकडून कळतं की कुठल्या. त्या काळात खेळणाऱ्यांना शेजारी वही ठेवावीच लागे. पेटीत कापडावर छापलेला नकाशा, धातूचं एक चिन्ह आणि दोन पुस्तिका येत. नकाशावरची नावं रून नावाच्या जुन्या युरोपीय लिपीच्या धर्तीवर लिहिलेली, म्हणजे नकाशा वाचायलाही अक्षरं जुळवून घ्यायची.

या सारणीची खरी परीक्षा शेवटच्या प्रश्नाच्या बऱ्याच आधी होते, आणि माझ्या मते पूर्ण खेळातलं सर्वांत नेटकं कोडं तेच. प्रत्येक गुणाचा एकेक रंगीत दगड आहे. सहा दगड सहा भुयारांत. त्या भुयारांची नावं गुणांच्या उलट अर्थाची: सचोटीसमोर कपट, करुणेसमोर तिरस्कार, त्यागासमोर हाव. जमिनीच्या पोटात तीन वेदी आहेत, एक सत्याची, एक प्रेमाची, एक धैर्याची. तिथे योग्य दगड ठेवले तरच अंतिम किल्लीचा एक हिस्सा मिळतो, आणि असे तीन हिस्से जमले तर किल्ली पुरी. ठेवायचे किती? चार. सत्याच्या वेदीवर निळा, हिरवा, जांभळा आणि पांढरा. प्रेमाच्या वेदीवर पिवळा, हिरवा, नारिंगी आणि पांढरा. धैर्याच्या वेदीवर लाल, नारिंगी, जांभळा आणि पांढरा. इथे पाठांतर चालत नाही. न्यायात सत्य का आहे आणि त्यागात ते का नाही, हे समजलेलं असेल तरच चार दगड बरोबर निवडता येतात. ज्याला समजलं त्याला ते अर्ध्या मिनिटात जमतं. हे चांगल्या कोड्याचं लक्षण आहे.

तिन्ही वेदींवरचं काम उरकलं की लक्षात येतं, एक दगड कुठेच लागला नाही. काळा.

तो मिळवायचा मार्गही इतरांसारखा नाही. पांढरा दगड डोंगरांच्या मध्ये आहे, तिथे जायला हवेत उडणारा फुगा लागतो. काळा दगड कुठल्याच भुयारात नाही. ब्रिटानियाच्या आकाशात दोन चंद्र आहेत, आणि त्या दोघांची अमावास्या असेल तेव्हा एका विशिष्ट जागी शोधलं तर तो सापडतो. उलट अध्यात्माच्या देवळात जायला दोन्ही चंद्रांची पौर्णिमा लागते, तिथे पायवाट नाही. एकाला पूर्ण प्रकाश, दुसऱ्याला पूर्ण अंधार. ही जुळवून आणलेली सममिती पाहिली की गॅरियटने नम्रतेच्या जागेचा विचार केला होता, याबद्दल शंका राहत नाही.

तरी प्रश्न उरतोच. तिन्ही तत्त्वांचा अभाव म्हणजे सद्गुण कसा? ज्याच्यात सत्य नाही, प्रेम नाही, धैर्य नाही, त्या माणसाला आपण नम्र म्हणू का? यावर तीन तऱ्हेची उत्तरं दिली जातात.

पहिलं रोखठोक आहे. गणिताने आठवा खण दिला, तो रिकामा ठेवता येईना, म्हणून एक गुण तिथे बसवला. आठ शहरं, आठ देवळं, आठ पेशे असा सगळा पसारा असताना सात गुण ठेवणं अवघडच होतं. या मतात तथ्य आहे. कुठलीही सारणी आधी मांडली आणि माणसाचा स्वभाव नंतर तिच्यात भरला, की एखादा खण असा अडचणीचा निघतोच.

दुसरं उत्तर खेळाचं स्वतःचं. तिन्ही तत्त्वं नसणं म्हणजे गर्व, आणि गर्वाच्या विरुद्ध ती नम्रता. म्हणजे काळा दगड हा अभावाचा नाही, अभाव ओळखण्याचा. हे थोडं वळसा घेऊन आलेलं स्पष्टीकरण आहे. बाकीचे सात गुण सरळ बेरजेने मिळतात आणि आठव्यालाच वजाबाकी करून मग उलटायचं, हा हिशेब मला पटत नाही. परीक्षेत एखाद्याने असं उत्तर लिहिलं तर अर्धे गुण देईन.

तिसरं उत्तर खेळ बोलून दाखवत नाही, करून दाखवतो. नम्रतेचं शहर मॅजिन्शिया. ते गर्वाने बुडालेलं, पडक्या भिंतींचं गाव, तिथे भुतं राहतात. सुरुवातीला नम्रता निवडणारा खेळाडू या ओसाड गावात मेंढपाळ म्हणून उतरतो. मेंढपाळ हा आठ पेशांमधला सर्वांत दुबळा. जादू येत नाही, हत्यार धड चालवता येत नाही. कमी सामग्रीनिशी निघायचं आणि तेवढ्यानेच पुढे जायचं. नम्रतेच्या देवळाभोवती राक्षसांचा पहारा आहे. तो बळाने मोडण्यात अर्थ नसतो, एक रुपेरी शिंग फुंकून त्यांना दूर ठेवावं लागतं. आणि शेवटी पाताळाच्या आठव्या, सर्वांत खालच्या मजल्यावर जो दगड लागतो तो हाच काळा. बाकी सगळीकडे बिनकामाचा ठरलेला दगड अखेरच्या पायरीवर उपयोगी पडतो. वारीत एकमेकांच्या पाया पडत चालणारी माणसं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना नम्रतेला इतरांपेक्षा वेगळ्या खणात ठेवण्याचं फार नवल वाटणार नाही. मला हे तिसरं उत्तर सर्वांत सशक्त वाटतं. सारणीत जे सिद्ध होत नाही, ते खेळण्यात सिद्ध होतं.

इथेच ‘अल्टिमा ४’चं दुसरं अंग येतं: आचरणाची नोंद. खेळ प्रत्येक गुणाचा एक छुपा आकडा ठेवतो आणि तो खेळाडूला दाखवत नाही. सुरुवातच मुळी परीक्षेने होते. भविष्य सांगणारी एक बाई पत्ते मांडून सात प्रश्न विचारते. प्रत्येक प्रश्नात दोन गुण समोरासमोर. आठ गुणांच्या जोड्या अठ्ठावीस होतात, त्यांतून सात तुमच्या वाट्याला येतात, आणि हरत हरत शेवटी एक गुण उरतो. उदाहरणार्थ, न मोजलेल्या मोहरांची थैली पोचवायला तुमच्याकडे दिली आहे आणि वाटेत भिकारी भेटतो. एक मोहर गेली तर कोणाला कळणार नाही. देणार? दिली तर सचोटी मागे पडते, नाही दिली तर करुणा. चूक उत्तर नाही. पण उत्तर दिल्यावर तुमचा पेशा आणि गाव ठरतं.

पुढे खेळात अशाच जागा येतात, पण तिथे कोणी पत्ते मांडत नाही. जडीबुटी विकणारी बाई आंधळी आहे. ती किंमत सांगते आणि पैसे तुम्हीच मोजून ठेवायचे असतात. पंधरा मोहरांच्या मालाला एक मोहर टेकवली तरी माल मिळतो, ती काही म्हणत नाही. पडद्यावरही काही उमटत नाही. फक्त आत कुठे तरी सचोटी, न्याय आणि इमान या तिन्हींचे आकडे खाली जातात. याचा पत्ता पुष्कळ उशिरा लागतो, राजवाड्यातल्या हॉकविंड नावाच्या द्रष्ट्याकडे चौकशी केल्यावर, किंवा देवळात ध्यानाला बसलो आणि काहीच घडलं नाही तेव्हा. लढाईतून पळ काढला तर शौर्य घटतं. वैद्याकडे रक्तदान केलं तर त्याग वाढतो. कोणी ‘तूच सर्वांत थोर काय?’ अशा तऱ्हेचं विचारलं आणि तुम्ही ‘हो’ म्हणालात, की नम्रता गेली. तोवर ज्यांनी तीन भाग चोऱ्यामाऱ्या करून जिंकले होते, त्यांना आपल्या सवयींची फळं इथे भोगावी लागली.

या नोंदीवर जी टीका होते तीही रास्त आहे. भिकाऱ्याला एक मोहर दिली की करुणा वाढते, हे एकदा कळलं की माणूस काय करतो? एक मोहर, पुन्हा एक मोहर, पुन्हा एक. शंभर मोहरांची थैली एकदम देणारा मूर्ख ठरतो आणि सुट्टे वाटणारा पुण्यवान. करुणा ही किराणा दुकानातली उधारीची वही होऊन बसते. यंत्राला हेतू कळत नाही, कृती तेवढी कळते, आणि कृती मोजायची म्हटली की तिची नक्कल करता येते. गेल्या चाळीस वर्षांत नीतीची मोजदाद करणारे जेवढे खेळ आले, त्यांतल्या बहुतेकांना हाच रोग जडला आहे. ‘अल्टिमा ४’चा बचाव एवढाच, की त्याने आकडा लपवला. नंतरच्या खेळांनी तो पट्टीच्या रूपात पडद्यावर लावला आणि उरलीसुरली शंकाही घालवली.

आता शेवटचा शब्द. देवळात पुरेसं ध्यान केलं आणि त्या गुणात आचरण पूर्णत्वाला पोचलेलं असलं, तर एक दर्शन घडतं. पडद्यावर एक रून उमटतो. आठ देवळं, आठ रून. ते रोमन अक्षरांत उतरवून गुणांच्या क्रमाने मांडले की शब्द होतो: इन्फिनिटी. अनंत.

म्हणजे उत्तराकडे दोन वाटांनी जाता येतं. एक अक्षरांची, तीत अर्थ समजण्याची गरज नाही. दुसरी विचारांची, आणि तीच वादाची. प्रश्न नीट पाहिला तर तत्त्वांना लावलेली तिन्ही विशेषणं नकारात्मक आहेत. नाकारता न येणारं, न संपणारं, न वाकणारं. प्रत्येक विशेषण आपापल्या तत्त्वावरची मर्यादा काढून टाकतं. मग तिघांत समान काय, तर मर्यादा नसणं. या बाजूने पाहिलं तर ‘अनंत’ हे उत्तर प्रश्नातच लपलेलं आहे आणि कोडं प्रामाणिक आहे.

दुसरी बाजू तितकीच वजनदार आहे. इतके तास खेळाने आपल्याला शिकवलं काय? तिन्ही तत्त्वं एकत्र आली की अध्यात्म होतं, पांढरा दगड. मग तिन्हींना सामावणारी गोष्ट कोणती असं विचारल्यावर, शहाण्या विद्यार्थ्याने ‘अध्यात्म’ म्हणायला नको का? तो तसंच म्हणतो, आणि चुकतो. सारणी समजलेल्यालाच फसवणारा प्रश्न शेवटी ठेवणं हा मला दोष वाटतो. अध्यात्म हा तत्त्वांपासून बनलेला एक गुण, आणि अनंत हा तत्त्वांचाच स्वभाव, असा भेद करता येतो. पण तो भेद खेळाने आधी कुठे शिकवलेला नाही. वेदींवरच्या दगडांचं कोडं जितकं चोख, तितकं हे नाही. या प्रश्नाला भव्यता आहे, पण त्या भव्यतेचा तर्काशी संबंध क्षीण आहे, असं माझं मत.

मग हा प्रश्न तरतो कशावर? अटींवर. नुसता शब्द माहीत असून भागत नाही. त्या दालनात शिरायला तीन हिस्स्यांची किल्ली लागते, सातही सोबती बरोबर लागतात, आणि आठही गुणांत पूर्णत्व लागतं. सचोटीत कुठे खोट असेल तर ‘इन्फिनिटी’ ठाऊक असलेला माणूसही दाराबाहेरच राहतो. शिवाय एक परवलीचा शब्द आहे, ‘वेरामोकॉर’. सत्य, प्रेम आणि हृदय या अर्थांच्या लॅटिन शब्दांचे तीन तुकडे जोडलेला, आणि ते तुकडे तीन वेगवेगळ्या गढ्यांवर जाऊन मिळवायचे. म्हणून सुरुवातीला म्हटलं की उत्तर आधी कळल्याने फारसं बिघडत नाही.

मराठी वाचकाला इथे वनपर्वातलं यक्षाचं तळं आठवल्याशिवाय राहणार नाही, आणि ती तुलना उपयोगाची आहे. युधिष्ठिर सगळ्या प्रश्नांची उत्तरं देतो, पण कथा तिथे संपत नाही. चार भावांपैकी एकच जिवंत होईल, कोण हवा, असं यक्ष विचारतो. भीम नाही, अर्जुन नाही, युधिष्ठिर नकुलाचं नाव घेतो, कारण कुंतीचा एक मुलगा उरला तसा माद्रीचाही उरला पाहिजे. खरी परीक्षा ती. आधी शब्द, मग कृती. ‘अल्टिमा ४’ने क्रम उलटा ठेवला: आधी कृती, शेवटी शब्द. महाभारतकाराचा क्रम मला सरस वाटतो. शेवटच्या क्षणी त्यागाचा एखादा खरा पेच समोर आला असता, तर गॅरियटचा शेवट कायमचा लक्षात राहिला असता.

गुणदुर्गुणांचा खेळ आपल्याला नवा नाही, हेही नोंदवायला हवं. मोक्षपट महाराष्ट्रात होता, आणि परंपरा त्याचं श्रेय ज्ञानेश्वरांना देते. शिड्या सद्गुणांच्या, साप दुर्गुणांचे, सर्वांत वर मोक्ष. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्लंडमध्ये सापशिडी म्हणून छापला गेला, तेव्हाही सुरुवातीच्या पटांवर गुणदुर्गुणांची चित्रं होती. पुढे ती पुसट झाली आणि नुसते साप उरले. पण मोक्षपटात दान पडेल तसं सरकायचं असतं, खेळणाऱ्याच्या निवडीला तिथे वाव नाही. कवड्यांच्या जागी आचरण आणणं हे ‘अल्टिमा ४’चं काम.

स्वतःच्या उत्तरावर सर्वांत कडक टीका पुढच्या भागांनीच केली. १९८८च्या पाचव्या भागात ब्रिटानियाचा राजा लॉर्ड ब्रिटिश बेपत्ता आहे आणि ब्लॅकथॉर्न नावाच्या कारभाऱ्याने आठ गुणांचे आठ कायदे केले आहेत. खोटं बोललास तर जीभ छाटू. निम्मी कमाई दान कर, नाही तर कमाईच काढून घेऊ. वरिष्ठांपुढे नम्र हो, नाही तर त्यांचा कोप सोस. गुण तेच, फक्त सक्तीचे. ज्यांनी चौथ्या भागात सुट्ट्या मोहरा वाटून करुणा कमावली होती, त्यांना हा आरसा होता. १९९०चा सहावा भाग आणखी पुढे जातो. भुयारातून गार्गॉइल नावाचे शिंगं-पंख असलेले जीव वर येतात, देवळं ताब्यात घेतात. नायक त्यांना कापत सुटतो, आणि बऱ्याच उशिरा कळतं की तो ग्रंथ मुळात त्यांचा होता, तो नेल्यामुळे त्यांचं जग कोसळलं, आणि त्यांच्या पुराणात अवतार हाच खोटा प्रेषित आहे. त्यांचीही तीन तत्त्वं आहेत: नियंत्रण, ऊर्मी, चिकाटी. ती मिळून जे होतं त्याला ते एकत्व म्हणतात. माणसांचं कोडं अनंतावर संपलं, त्यांचं एकावर. शेवट लढाईने होत नाही. ग्रंथ दोन भिंगांच्या मदतीने पोकळीत परत पाठवायचा, म्हणजे तो दोघांना सारखाच पाहता येईल आणि कोणाच्याच मालकीचा राहणार नाही. चौथ्या भागातल्या शेवटच्या प्रश्नाचा माझ्या दृष्टीने सर्वांत समाधानकारक उलगडा हाच. ‘अनंत’ हे उत्तर बरोबर होतं, पण ते एकट्याने पाठ करून दुसऱ्याच्या घरातून उचलून आणायचं नव्हतं. १९९२च्या सातव्या भागात फेलोशिप नावाचा गोडबोल्या पंथ गुणांची जागा तीन घोषवाक्यांनी घेतो. तो भाग सुंदर आहे, पण आपल्या विषयापासून जरा दूरचा.

मालिकेबाहेर पाहायचं तर नावं पुष्कळ निघतील, उल्लेख करण्याजोगी थोडी. १९८९च्या ‘इंडियाना जोन्स अँड द लास्ट क्रुसेड’ या खेळात, त्याच वर्षीच्या चित्रपटाप्रमाणे, नम्रतेचा अर्थ शब्दशः गुडघे टेकणं असा निघतो. न टेकणाऱ्याचं डोकं उडतं. क्षणभर मजा येते, पण एकदा कळलं की संपलं. २०१५च्या ‘अंडरटेल’मध्ये रंग आणि गुण पुन्हा भेटतात: नारिंगी धाडसाचा, हिरवा मायेचा, जांभळा चिकाटीचा. तिथे कोणी प्रश्न विचारत नाही. आपल्या आधी त्या पाताळात पडलेल्या मुलांच्या वस्तू इथेतिथे सापडतात, आणि रंगांवरून कोण कसं होतं ते आपण आपल्यापाशी जुळवतो. हे कोडं सोडवलं नाही तरी खेळ पुरा होतो, म्हणूनच ते सोडवणाऱ्याला जास्त लागतं.

आणि १९९९चा ‘प्लेनस्केप: टॉर्मेंट’. रॅव्हेल नावाची जखीण नायकाला विचारते, माणसाचा स्वभाव कशाने बदलू शकतो? आजवर ज्यांनी ज्यांनी उत्तर दिलं त्यांची तिने वाट लावली, अशी तिची ख्याती. पर्याय समोर असतात: प्रेम, पश्चात्ताप, मृत्यू, असे बरेच. यांतलं बरोबर कुठलं म्हणून खेळाडू धास्तावतो, आणि मग कळतं की कुठलंही चालेल. तिला हवं होतं ते या एकाच माणसाचं उत्तर. ‘अल्टिमा ४’ने एक शब्द पक्का केला आणि त्याच्याकडे जाणारा रस्ता खडतर केला. ‘प्लेनस्केप’ने रस्ता मोकळा सोडला आणि शब्दाचं ओझं खेळणाऱ्यावर टाकलं. नीतीचं कोडं म्हणून मला दुसरं अधिक प्रौढ वाटतं. पण पहिल्यावाचून ते सुचलं असतं असं वाटत नाही.

ओरिजिन ही गॅरियटची कंपनी १९९२ साली इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने विकत घेतली आणि २००४ साली ती बंद झाली. ‘अल्टिमा ४’ मात्र गॉग या संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येतो. खेळायचं मनात असेल तर पेटीतल्या दोन पुस्तिका आधी वाचून घ्या, खेळ सुरू करताना कागद-पेन्सिल जवळ ठेवा, आणि त्या बाईचे सात प्रश्न आले की कुठला पेशा बळकट याचा हिशेब न करता मनात येईल ते उत्तर द्या. मॅजिन्शियाचा मेंढपाळ वाट्याला आला तर घाबरू नका. वेळ जास्त लागेल, पण खेळ पुरता पाहायला मिळेल तो त्यालाच.